डीपी जळते की आपण जाळतो?

खान्देशात डीपी, म्हणजे शेतातल्या मोटारींना वीज देणारं पोलवरचं रोहित्र (ट्रान्सफॉर्मर), जळण्याचे दोन हंगाम आहेत. एक दिवाळीनंतरचा, गहू-हरभऱ्याला पाणी सुरू होतं तेव्हाचा. दुसरा एप्रिल-मेचा. तेव्हा केळी उन्हाने करपायला लागलेली असते आणि बागायती कापसाची पूर्वहंगामी लागवड तोंडावर आलेली असते. दोन्ही वेळचा क्रम ठरलेला आहे. डीपी जळते, लाइनमनला फोन जातात, तो उचलत नाही, चार जण सबस्टेशनवर जातात, शेवटी वर्गणी निघते, ट्रॅक्टर-ट्रॉली ठरते आणि आठवड्याने दुरुस्त केलेली डीपी येऊन पोलवर चढते. पेपरात 'महावितरणचा भोंगळ कारभार' म्हणून बातमी येते. ती बातमी खोटी नसते. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या कृती मानकांप्रमाणे ग्रामीण भागात जळालेलं रोहित्र ४८ तासांत बदलून द्यायला हवं आणि उशीर झाला तर ग्राहकाला भरपाई मागता येते. ते आणायला शेतकऱ्याने वर्गणी आणि ट्रॅक्टर द्यावा असं कुठल्याही नियमात नाही.

पण बदलून आलेली डीपी त्याच पोलवर, त्याच बारा मोटारींना जोडलेली असते आणि पंधरा दिवसांत पुन्हा जळते, तेव्हा दोष फक्त डीपीचा राहत नाही. दुरुस्ती खराब झाली असेल, तेल कमी भरलं असेल, हे मान्य. तरी बहुतेक वेळा दुसऱ्यांदा जळण्याचं कारण पहिल्यांदा जळण्याचंच असतं, आणि ते डीपीच्या खालच्या बाजूला, आपल्या स्टार्टरच्या पेटीत असतं. वीज कंपनीशी भांडायचंच आहे, पण तिच्यासमोर उभं राहण्याआधी ती पेटी उघडून पाहायला हवी.

आधी गरज किती खरी आहे ते पाहू, म्हणजे पुढचं बोलणं शेतकऱ्याला नावं ठेवण्यासाठी नाही हे लक्षात येईल. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या केळीपट्ट्यात दीड बाय दीड मीटरवर लागवड धरली, तर हेक्टरी ४,४४४ खोडं बसतात, म्हणजे एकरी साधारण १,८००. घड निसवण्याच्या अवस्थेत, भुसावळचा पारा ४५ च्या पुढे असताना, एका खोडाला दिवसाला २० लिटरच्या आसपास पाणी लागतं. एकरी ३६,००० लिटर, पाच एकरांना १ लाख ८० हजार. तासाला २०,००० लिटर पाणी देणारी मोटार ९ तास चालली तर हे भागतं. थ्री फेज मिळते आठ तास, तीही एका आठवड्यात दिवसा आणि दुसऱ्या आठवड्यात रात्री. त्यात तासाभराचं ट्रिपिंग. केळीची मुळं उथळ असतात, चार दिवसांचा ताणही घडाच्या भरणीत दिसतो. म्हणून शेतकऱ्याला लाइट आल्याच्या पहिल्या सेकंदापासून मोटार चालू हवी असते. ही हाव नाही, साधा हिशेब आहे.

आणि या हिशेबातूनच ऑटो स्विच आला.

ऑटो स्विच म्हणजे लाइट आली की माणसाशिवाय स्टार्टर ओढणारी छोटी पेटी. रात्री दोन वाजता 'लाईट उनी' म्हणून उठायचं, बॅटरी घेऊन साप-बिबट्याच्या भीतीने विहिरीपर्यंत जायचं आणि बटण दाबायचं, यातून तिने सुटका केली. वीज कंपनी दर हंगामाला 'ऑटो स्विच काढून टाका' असं आवाहन करते आणि दर हंगामाला ते वाया जातं. वाया जाणारच. रात्रीची वीज द्यायची आणि रात्री उठून या म्हणायचं, हे ज्याला उठायचं नाही त्यानेच सुचवावं. पण ऑटो स्विच डीपी कशी जाळतो ते समजून घेतलं, तर तो काढायची गरज नाही हेही कळतं.

डीपीची क्षमता केव्हीएमध्ये मोजतात. ६३ केव्हीएच्या डीपीचा खालच्या बाजूचा पूर्ण भाराचा करंट साधारण ८४ अँपिअर असतो. १०० केव्हीएचा १३३. ५ एचपीची मोटार नीट व्होल्टेजवर चालताना साधारण साडेआठ अँपिअर घेते. म्हणजे ६३ च्या डीपीवर ५ एचपीच्या दहा मोटारी कशाबशा बसतात. ही चालत्या मोटारीची गोष्ट झाली. सुरू होण्याच्या क्षणी, मोटारीला थेट पूर्ण व्होल्टेज देणाऱ्या डीओएल स्टार्टरवर, तीच मोटार सहापट करंट ओढते, जवळपास ५० अँपिअर. एकेक मोटार अशी सुरू झाली तर डीपीला जाणवतही नाही, कारण पाण्यातली मोटार चांगल्या व्होल्टेजवर सेकंदाच्या आत वेग घेते. दहाही एकदम सुरू झाल्या तर मागणी ५०० अँपिअरच्या वर जाते, म्हणजे डीपीच्या क्षमतेच्या सहापट.

आता खरी गडबड. इतका करंट ओढला गेला की व्होल्टेज बसतं. मोटारीचा सुरू होतानाचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. व्होल्टेज ३० टक्क्यांनी बसलं तर जोर निम्म्यावर येतो. निम्म्या जोरावर, डोक्यावर दीडशे-दोनशे फूट पाण्याचा स्तंभ असताना, पंप वेग घेत नाही. तो गुरगुरत राहतो आणि गुरगुरताना सुरुवातीचाच मोठा करंट ओढत राहतो. सेकंदभराचा धक्का दहा-वीस सेकंदांचा होतो. कुणाचा रिले (करंट जास्त झाला की मोटार तोडणारा) पडतो, कुणाच्या मोटारीचं वाइंडिंग सुटतं, आणि ज्यांच्या मोटारी पडल्या त्यांचे ऑटो स्विच पुन्हा ओढतात, म्हणजे तोच खेळ परत. डीपीच्या आतल्या तांब्या-ॲल्युमिनियमच्या वेटोळ्यांना प्रत्येक वेळी यांत्रिक हिसका बसतो, कागदाचं इन्सुलेशन सैल होतं. दिवसातून तीन-चार वेळा लाइट गेली-आली की हा हिसका तीन-चार वेळा. एखाद्या मे महिन्यातल्या दुपारी तेल आधीच तापलेलं असताना त्यातला एक शेवटचा ठरतो.

उपाय पेटीतच आहे. बऱ्याच ऑटो स्विचना वेळ लांबवण्याची सोय असते, एक छोटा खटका किंवा स्क्रू. लाइट आल्यावर किती सेकंदांनी स्टार्टर ओढायचा, हे त्याने ठरतं. पहिल्या शेतकऱ्याने २० सेकंद ठेवावे, दुसऱ्याने ४०, तिसऱ्याने ६०, असं करत दहाव्याने २००. साडेतीन मिनिटांत दहाही मोटारी चालू. आठ तासांच्या पाळीत साडेतीन मिनिटं कुणाच्या बागेचं काही बिघडवत नाहीत. इथे एक फसगत आहे आणि ती सर्रास होते. सगळ्यांनी एकाच दुकानातून एकाच कंपनीची पेटी आणलेली असते आणि ती कारखान्यातून येते तशी लावलेली असते. सगळ्यांचा उशीर एकच, मग उशीर असूनही दहाही मोटारी एकाच क्षणी. उशीर सारखा असेल तर तो नसल्यासारखाच. आणि 'माझी मोटार आधी का नाही' हा वाद तर ठरलेला. महिन्याने क्रम उलटा करावा, वाद मिटतो. ज्याच्या पेटीला ही सोय नसेल त्याने स्टार्टरच्या कॉईलच्या वायरमध्ये स्वतंत्र टायमर बसवून घ्यावा. गावातल्या वायरमनला हे काम अर्ध्या तासाचं आहे.

हे सगळं दहा माणसांनी एकदा बसून ठरवण्याइतकं सोपं आहे. तेवढंच होत नाही.

दुसरी गोष्ट कॅपॅसिटरची. याच्याइतका स्वस्त आणि इतका दुर्लक्षित भाग शेतीच्या विजेत दुसरा नाही. मोटार दोन प्रकारचा करंट ओढते. एक पाणी उचलण्याचं काम करतो. दुसरा मोटारीतलं चुंबकीय क्षेत्र उभं करण्यासाठी डीपीपर्यंत नुसता ये-जा करतो, काम करत नाही, पण वायर आणि डीपी मात्र तापवतो. हा दुसरा करंट मोटारीजवळच पुरवला की त्याला डीपीपर्यंत जावं लागत नाही. तो पुरवतो कॅपॅसिटर, आणि त्याची क्षमता केव्हीएआरमध्ये मोजतात. ३ एचपीला १ केव्हीएआर, ५ एचपीला २, साडेसातला ३, हे साधं माप. ५ एचपीच्या मोटारीचा करंट त्याने साडेआठवरून सातच्या आसपास येतो. दहा मोटारींचा हिशेब करा: कॅपॅसिटर नसताना ८५ अँपिअर, असताना ७०. डीपीची मर्यादा ८४. म्हणजे तीच डीपी, त्याच मोटारी, तेवढंच पाणी. एका बाजूला ती कायम मर्यादेवर धापा टाकते, दुसऱ्या बाजूला तिला श्वास घ्यायला जागा आहे. शेपटाकडच्या शेतकऱ्याचं व्होल्टेजही सुधारतं ते वेगळंच.

मग लावत का नाहीत? 'त्याने मोटार गरम होते' असा समज आहे, तो खोटा आहे. खरं कारण असं की कॅपॅसिटर मी लावला तर फायदा डीपीला आणि शेजाऱ्याला, माझ्या पाण्यात थेंबाचाही फरक नाही. जोडणीच्या वेळी बसवलेला कॅपॅसिटर फुगला, गळला, की वायर तोडून टेप गुंडाळून ठेवायची पद्धत आहे. पेटी उघडली की तो तिथे दिसतो, म्हणून सगळ्यांना वाटतं की आहे. जोडताना तो कॉन्टॅक्टरच्या (स्टार्टरमधला वीज जोडणारा-तोडणारा भाग) पुढे आणि ओव्हरलोड रिलेच्या अलीकडे जोडावा. रिलेच्या पुढे जोडला, तर रिलेतून जाणारा करंट कमी दिसतो आणि रिले जुन्याच आकड्यावर ठेवलेला असेल तर मोटारीचं रक्षण होत नाही. मोटार बंद केल्यावर मिनिटभर तरी त्याला हात लावू नये.

रिलेचा विषय निघालाच आहे तर, तो पूर्ण वरच्या आकड्यावर फिरवून ठेवणं आणि सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बायपास करणं, या दोन सवयींवर तालुक्याच्या गावातली वाइंडिंगची दुकानं चालतात. एक फेज गेल्यावर मोटार थांबावी म्हणून तो प्रिव्हेंटर असतो. 'सारखी पडते' म्हणून त्याला बाजूला केलं, की उरलेल्या दोन फेजमधला करंट पावणेदोनपटीच्या घरात जातो. दोन फेजवर रडतखडत चालणारी मोटार दोन दिवस पाणी देते, तिसऱ्या दिवशी वर काढावी लागते. शेतीच्या फीडरला फक्त सिंगल फेज असते त्या वेळात कंडेन्सर लावून थ्री फेजची मोटार ओढण्याचा प्रकारही यातलाच. सगळा भार एका फेजवर पडतो आणि डीपीची एक बाजू जळते.

फ्यूजबद्दल फार लिहायला नको, सगळ्यांना माहीत आहे. डीपीखालच्या पेटीत एकेकाळी एमसीसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारे ब्रेकर, होते. आता किटकॅट फ्यूजच्या जागी ॲल्युमिनियमच्या तारेचे दोन-तीन पीळ असतात. फ्यूज उडायचा म्हणजे कुणीतरी रात्री उठून तो बांधायचा, म्हणून असा बांधायचा की उडूच नये. मग कुठेतरी केळीच्या पानात दोन वायरी चिकटल्या की जळायला फ्यूज नसतो, डीपी असते. तांब्याची सर्व्हिस वायर पेटीतल्या ॲल्युमिनियमच्या पट्टीला (बसबार) नुसती पिळून बांधणं हेही तसंच. दोन धातूंच्या जोडावर ऑक्साइड धरतो, जोड तापतो, वितळतो. दोन धातू जोडण्यासाठीचा बायमेटॅलिक लग शंभर-दोनशे रुपयांत मिळतो.

यापेक्षा मोठी आणि जास्त अवघड गोष्ट कागदावरच्या एचपीची आहे. केळीपट्ट्यात पाणी खोल गेलं तसे पंपाचे स्टेज वाढले आणि मोटार मोठी झाली. मंजूर भार मात्र जोडणी घेतली त्या वर्षीचाच राहिला. कागदावर ५, बोअरमध्ये साडेसात किंवा १०. एप्रिल २०२४ पासून मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांचं बिल माफ आहे, आणि योजना मार्च २०२९ पर्यंत आहे. माफीची रेघ साडेसातवर आहे म्हटल्यावर १० एचपीवाला आपला आकडा स्वतःहून सांगेल, ही अपेक्षा कुठल्याच सरकारने करू नये. रिवाइंडिंगच्या दुकानात नेमप्लेटही हव्या त्या एचपीची लागते.

या लपवण्याचा तोटा कुणाला होतो ते नीट पाहिलं पाहिजे, कारण 'सरकारला फसवलं' असं वाटत राहतं आणि फसलेलो आपणच असतो. डीपी किती क्षमतेची बसवायची, जुनी कधी वाढवायची, फीडर कधी तोडून दुसरा काढायचा, सबस्टेशनचं पॉवर ट्रान्सफॉर्मर कधी मोठं करायचं, हे सगळं मंजूर भारावर ठरतं. दहा जोडण्या, प्रत्येकी ५ एचपी, ५० एचपी. अभियंता म्हणणार ६३ केव्हीए पुरे आहे आणि कागदाप्रमाणे तो बरोबर आहे. प्रत्यक्षात तिथे ८० एचपी चालू आहे, म्हणजे मोटारी नुसत्या चालत असतानाच १३५ अँपिअर. तिथे हवी असते १०० च्याही वरची डीपी. ती मागायला गेलं की पहिला प्रश्न येतो: भार कुठे आहे? तो सांगता येत नाही. हात दाखवून अवलक्षण नको म्हणून सगळे गप्प बसतात आणि पुन्हा वर्गणी काढतात. तारेवर आकडे टाकून चोरीच्या विजेवर चालणाऱ्या मोटारींचा तर हिशेबच नाही. डीपीवरच्या कुणालाही विचारा, कुठल्या बांधावरून कुणाचा आकडा आहे हे त्याला माहीत असतं, पण भाऊबंदकी, गावकी आणि पुढच्या निवडणुका यांच्यापुढे तो बोलत नाही. लाइनमनला माहीत असतं तेही वेगळं नाही, आणि तोही बोलत नाही. त्याची कारणं निराळी.

एचव्हीडीएस योजनेत, म्हणजे उच्चदाब वितरण प्रणालीत, एका-दोघा शेतकऱ्यांना १०, १६ किंवा २५ केव्हीएचं स्वतंत्र छोटं रोहित्र दिलं गेलं. तिथे काय होतं हे पाहण्यासारखं आहे. १० केव्हीएच्या रोहित्राचा पूर्ण करंट १३ अँपिअरच्या आसपास असतो. साडेसात एचपीची मोटार त्यावर चालते, दहाची चालत नाही. तिथे कुणी आकडा टाकला तर मालक स्वतः जाऊन काढतो, भाऊबंदकी आड येत नाही. माणसं तीच, गाव तेच. जिथे डीपी 'आपली' आहे तिथे ती जपली जाते, जिथे ती 'सगळ्यांची' आहे तिथे ती कुणाचीच नसते. मग असं वागणं 'शेतकऱ्याला शिस्त नाही' म्हणून सोडून देता येत नाही. व्यवस्था जसं वागणं फायद्याचं करते तसं माणूस वागतो. पण प्रत्येक डीपीसाठी एचव्हीडीएस येईपर्यंत ६३ आणि १०० च्या डीपींवरच जगायचं आहे, आणि त्यांच्याबाबतीत आपलं वागणं आपल्याच अंगाशी येतं हेही तितकंच खरं आहे.

आतापर्यंत पैशाचं आणि पिकाचं नुकसान झालं. याच जुगाडी हाताने घातलेली एक गोष्ट थेट जिवावर उठते, ती म्हणजे कुंपणात सोडलेला करंट. रानडुकरांचा त्रास अमळनेर, एरंडोल, पारोळ्यापासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत सगळीकडे आहे. एका रात्रीत अर्धा एकर मका आडवा होतो, हे कुणी नाकारत नाही. पण ऑगस्ट २०२५ मध्ये एरंडोल तालुक्यातल्या वरखेडी शिवारात अशाच कुंपणाने एकाच कुटुंबातल्या पाच जणांचा जीव घेतला. त्यात लहान मुलंही होती.

घरच्या किंवा मोटारीच्या लाइनची वायर कुंपणाच्या तारेला जोडणारा मनात धरून असतो की 'कुणी चिकटलं तर फ्यूज उडेल'. उडत नाही. ओल्या जमिनीवर उघड्या पायाने उभ्या असलेल्या माणसाच्या शरीरातून २३० व्होल्टवर जेमतेम पाव अँपिअरच्या आसपास करंट जातो. फ्यूज उडायला दहा-वीस अँपिअर लागतात. हृदय थांबायला लागतो त्याहून पाव अँपिअर कितीतरी जास्त झाला. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो, माणूस वाचवण्यासाठी नसतो. शिवाय एसी करंटने स्नायू आवळले जातात, हात तारेला घट्ट धरून राहतो. सोडवायला गेलेला दुसरा चिकटतो. एकाच ठिकाणी तीन-चार जण का जातात, त्याचं कारण एवढंच आहे.

झटका मशीन ही पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीवर किंवा सोलरवर चालणारं मशीन तारेत हजारो व्होल्टचा ठोका देतं, पण तो सेकंदाला एकदा आणि काही मिलिसेकंदांपुरता, आणि त्याची ऊर्जा मोजकी, ५ ज्यूलच्या आत असते. डुक्कर पळतं, माणूस कळवळतो, पण मध्ये हात सुटायला वेळ मिळतो. ते चालत नाही अशी तक्रार असते, तेव्हा बहुतेक वेळा अर्थिंग कमी असतं. सुक्या जमिनीत एक सळई ठोकून भागत नाही, खोलवर, दहा-दहा फुटांवर तीन सळया ठोकाव्या आणि उन्हाळ्यात तिथे पाणी ओतत राहावं. तारेला गवत लागलं की ठोका जमिनीत जातो, ते कापत राहावं. पिवळी पाटी लावावी. एवढं केलं तर डुक्कर येत नाही. हे मशीन काही हजार रुपयांचं असतं. ते परवडत नाही म्हणून फुकटची वायर जोडणाऱ्यावर माणूस मेला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०५ खाली सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागू शकतो, आणि वीज आकड्याची असेल तर विद्युत कायद्याचं कलम १३५ वेगळं. विद्युत निरीक्षकाचा अहवाल ठरवतो की अपघात कुणाच्या चुकीने झाला. कंपनीची तार तुटून माणूस गेला तर भरपाई मिळते. स्वतःच्या जोडणीने घरचाच माणूस गेला, तर भरपाईचा दरवाजा त्या अहवालापाशीच बंद होतो.

मग करायचं काय, हा प्रश्न सरकारलाही विचारायला हवा. गावपातळीवर होऊ शकणारी गोष्ट अशी: रब्बी सुरू होण्याआधी, दसऱ्याच्या आसपास, डीपीवरच्या सगळ्यांनी एका सकाळी सर्व मोटारी चालू ठेवून वायरमनकडून टोंग टेस्टरने (वायरभोवती चिमटा लावून करंट मोजणारं यंत्र) तिन्ही फेजचा करंट मोजून घ्यावा. तीन आकडे. एका फेजवर ९० आणि दुसऱ्यावर ५५ येत असेल तर आधी सिंगल फेजचे दिवे, पिठाची गिरणी, छोट्या मोटारी इकडून तिकडे फिरवून फेज समान करावे, याला पैसे लागत नाहीत. ब्रीदरमधली (डीपीत जाणाऱ्या हवेतला ओलावा शोषणारी) सिलिका जेल निळ्याची गुलाबी झाली असेल आणि तेलाची पातळी खाली गेली असेल, तर तारीख घालून लेखी कळवावं, फोनवर नाही. ऑटो स्विचचे सेकंद ठरवावे आणि ते प्रत्येकाच्या पेटीवर मार्करने लिहावे. फ्यूज बांधणं एकाच माणसाकडे द्यावं आणि वर चढायचं फक्त लाइनमनने. एबी स्विच (डीपीची वरून येणारी वीज तोडणारा) ओढून स्वतः वर चढणाऱ्यांना खालून कुणाच्या तरी जनरेटरची उलटी वीज येऊ शकते, हे ठाऊक नसतं.

सरकारकडे एकच मागणी खरी आहे: खरा भार सांगण्याची भीती काढा. पंजाबने २०२२ मध्ये ट्यूबवेलचा जादा भार स्वतःहून जाहीर करणाऱ्यांसाठी प्रति बीएचपी शुल्क ४,७५० रुपयांवरून २,५०० वर आणलं होतं. महाराष्ट्रात दंड माफ करून, ठरावीक तीन महिन्यांसाठी, असाच मार्ग उघडायला हरकत नाही. बिलमाफीची मर्यादा साडेसातवरून एकदम तुटते, ती उतरती ठेवली, म्हणजे १० एचपीवाल्याने साडेसातपर्यंत फुकट आणि पुढच्या अडीचचे पैसे भरायचे असं केलं, तर लपवण्याचं कारणच निम्मं होतं. खरा भार कागदावर आला की डीपी वाढवण्याचा अर्ज नाकारायला अभियंत्याला सबब उरत नाही, आणि ४८ तासांचा नियम मागताना आपल्यालाही खाली मान घालावी लागत नाही.

सौर कृषी वाहिनीतून, म्हणजे सौर प्रकल्पाची वीज शेतीच्या फीडरला देण्याच्या योजनेतून, दिवसा वीज आली तर रात्रीचं उठणं संपेल, ते चांगलंच. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' मध्ये सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींचा ५ टक्के आहे, पाणी वर आहे तिथे तो घ्यावा. पण सौर वाहिनी आली म्हणून डीपी बदलत नाही. सकाळी फीडर चालू होईल तेव्हा त्या डीपीवरचे दहाही ऑटो स्विच आजच्यासारखेच एका क्षणी ओढतील, तेव्हाही कॅपॅसिटरच्या वायरी तशाच टेप गुंडाळून लोंबत असतील, आणि जी डीपी मध्यरात्री जळायची ती सकाळी नऊला जळेल.